मागाहून आलेला

शार्प्सबर्गच्या बाहेर, मक्याच्या कडेला
पेनसिल्व्हेनियाच्या कुठल्याशा पलटणीचा दगड.
पलटणीचा आकडा मी आता विसरले.
सप्टेंबर संपत आलेला, मका वाळून कागदासारखा वाजणारा,
पार्किंगमध्ये आमची एकच गाडी,
आणि नाना, स्वेटरवर स्वेटर,
व्हिसाचे अठरा दिवस उरलेले.

त्यांना लढाई समजावायची असं ठरवून आले होते मी:
गुलामी, दोन बाजू, एका दिवसात इतके हजार.
जावयाचं ऐकतात तसं त्यांनी ऐकून घेतलं.
मग चौथऱ्यापाशी गेले
आणि वरच्या बंदूकवाल्या शिपायाकडे न बघताच
खाली वाकून दगडाला नख लावलं.
"आपला काळा बरा. हा खडे खाऊन वाढलाय.
चार ठोक्यांत टाकी बोथटली असती."

टाकीऽऽ, पाट्याला टाकी,
चाळीस वर्षं या हाळीमागे चाललेला माणूस.
माझ्या फीमध्ये सहा गावांच्या चटण्यांचा वाटा आहे.
कधी कुणी देवळाच्या पायरीवर नाव मागायचं,
'कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ'.
नाना अक्षरं वाचत नसत, काढत असत,
कागद समोर ठेवून,
मोर काढावा तशी.

निहार नावं वाचत सुटला, त्याच्या इंग्रजीत, भराभर,
आजोबांचं बोट त्याच्या मागून.
एका ओळीवर बोट थांबलं.
"हे परत वाच."
एझ्रा टिलॉट्सन.
"हा मागाहून आलाय. हात वेगळा आहे.
शेवटची दोन अक्षरं बघ कशी दाटून बसवलीत,
एसटीत तिघांच्या बाकावर चौथा."

खरंच होतं.
मागाहून का? सापडला नव्हता?
पळाला म्हणून नाव गाळलं, आणि मग कुणा नांगराला लागला?
फलकावर काही नव्हतं.
"ते मला काय ठाऊक," नाना म्हणाले.
"पण कुणीतरी पैसे मोजले असणार.
आणि ज्यानं ठोकलं त्यानं
पैशापेक्षा जास्त ठोकलंय. खोली बघ."

गवतात गुडघ्याएवढा आणखी एक दगड होता.
पलटणीची डावी बाजू इथे संपते, निहार म्हणाला.
"मग उजवी?"
आम्ही चालत गेलो. दुखऱ्या गुडघ्याची एकशे बावन्न पावलं,
तेव्हा तसाच दुसरा दगड लागला.
खांद्याला खांदा लावून सकाळी एवढी जागा भरली होती.
"आणि संध्याकाळी?"
अर्ध्याहून कमी, निहारने फलक आठवून सांगितलं,
आणि जरा थांबून, गणितात सापडावं तसं,
"मग हा दगड तिकडे अलीकडे हवा ना, आजोबा?"

नाना काही बोलले नाहीत.
परत पहिल्या दगडापर्यंत येईस्तोवर
मक्याचाच आवाज.

आमच्या वेशीवर वीरगळ आहे.
खाली पडलेला, मध्ये नेला जाणारा, वर पिंडीपुढे हात जोडलेला
एकच माणूस तीनदा.
नाव नाही. शेंदराच्या थरांनी चेहराही राहिला नाही.
आम्ही त्याला म्हसोबा समजायचो
आणि पेपरच्या दिवशी नारळ कबूल करायचो.

"याला तेल कोण घालतं?" नानांनी विचारलं.
कुणी नाही. पार्कवाले गवत कापतात.
"एवढं लिहून ठेवायचं आणि तेल नाही?"

मग टोपी काढून
सकाळी चोपडलेल्या खोबरेलावरून त्यांनी हात फिरवला
आणि अंगठा नेऊन टेकवला
त्या दाटून बसलेल्या दोन अक्षरांवर.
दगड तेवढाच काळा झाला.

लांबून रेंजरची गाडी येत होती.
मी पुसायला रुमाल काढला.
"राहू दे," नाना म्हणाले, टोपी घालत,
"ऊन लागलं की मुरेल."