मागचे दोन

बितोममध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
आमच्या सोफ्यामागून दोन वायरी डोकावतात.
टोकांना काळी चिकटपट्टी.
चार वर्षं झाली, त्यांना स्पीकर नाहीत.
झेनोन म्हणतो, आधी वाट, मग पाहुणा.
तो ट्राम चालवतो;
रुळांवर त्याचा विश्वास आहे.

सुरुवात टीव्हीपासून झाली.
पातळ, देखणा, आणि आवाज असा
की तोंडावर रजई घेऊन कुणी बोलतंय.
मग ग्लिवित्सेहून कुणाचा तरी उतरलेला अँप्लिफायर आला,
बटाट्याच्या पोत्यात, ट्राममधून, मांडीवर.
बटण फिरवलं की खरखरतो,
एका ठरावीक जागी शांत होतो.
ती जागा झेनोनने नेलपॉलिशने रंगवली.
माझ्या.

दोन स्पीकर मेहुण्याच्या तळघरातले,
कडा सडलेल्या, गोंदाने सांधलेल्या.
पुढचे दोन ते.

दुसऱ्या वर्षी मधला.
मधला म्हणजे शब्दांचा.
आमच्याकडे परदेशी सिनेमात
नायक, नायिका, खुनी, लहान मूल,
सगळ्यांचं एकच माणूस वाचतो,
वीजबिल वाचावं तशा आवाजात.
इतकी वर्षं तो कुठून तरी पुटपुटायचा.
आता बरोबर मध्ये येऊन बसला, फुलदाणीच्या जागी.
फुलदाणी गेली फ्रिजवर.

तिसऱ्या वर्षी माझी दाढ.
वहीत आहे: दाढ, आठशे झ्वॉटी.
त्याखाली झेनोनचं बारीक अक्षर:
मागचे दोन = एक दाढ.
बोलून कधी दाखवलं नाही त्याने.
मी म्हटलं, अंथरूण पाहून पाय पसरावेत.
तो म्हणाला, पाय आखडलेलेच आहेत, बोग्ना,
वायर तेवढी पसरलीय.

मग सबवूफर.
कुणाच्या तरी घटस्फोटातून, निम्म्या किमतीत.
काळा खोका, गुडघ्याएवढा.
पहिल्या शनिवारी पडद्यावर पूल कोसळला
आणि खालून रेडिएटरच्या पाइपावर चमचा वाजला.
टण टण टण.
दुसऱ्या शनिवारी धरण फुटलं. पुन्हा टण टण.
झेनोनने खोक्याखाली रबर घातलं,
मग जुनी गादी,
मग मान खाली घातली
आणि आवाज इतका कमी केला
की सगळी बचत
मांजराच्या घोरण्याएवढी ऐकू येऊ लागली.

नोव्हेंबरात खालच्या गेर्ट्रूडबाई वर आल्या,
काठी टेकत, खसखशीचा केक घेऊन.
माफीची वाक्यं मी तयार ठेवली होती.
त्या खोक्याकडे बघत राहिल्या.
"बंद पडला का?"

आलोइझ खाणीत होता तेव्हा
या घरांखाली जमीन सरकायची.
कपाटातले काचेचे पेले किणकिणायचे,
आणि त्या घड्याळ बघायच्या,
पाळी सुटायला किती वेळ.
मग जिन्यात बूट.
आता खाण नाही.
आलोइझही नाही; तो फुप्फुसांनी गेला, जमिनीने नाही.
पेले सहाच्या सहा शाबूत,
एकवीस वर्षं गप्प.
"तुमच्या पुलाने वाजले.
म्हणून चमचा वाजवला. म्हटलं, कळवावं,
ऐकतेय हो मी."

झेनोनने केक खाल्ला.
बाई जिना उतरेपर्यंत थांबला,
मग गादी ओढून काढली. रबर राहू दिलं,
बाकीच्या शेजाऱ्यांसाठी.

आता शनिवारी आठ वाजता
तो कुठला तरी स्फोट शोधून लावतो.
मधला माणूस थंडपणे वाचतो: पळा.
खालून दोनदा चमचा.
कधी एकदाच.
तेव्हा झेनोन बटण
नेलपॉलिशच्या जरा पुढे नेतो,
खरखर सोसून.

वहीत पुन्हा दोनशे दहा साठलेत.
दुसऱ्या बाजूची दाढ ठणकतेय,
मी अजून सांगितलेलं नाही.
सोफ्यावर मागे रेललं
की वायरीची टोकं मानेला लागतात,
गार.