तळाशी जोडलेला

शुक्रवारी सहाला पोरगी येते.
साडेपाचला गेथिन कोपऱ्यावरच्या दुकानातून
कालचा लांब पाव उचलून आणतो,
निम्म्या किमतीचा, वर पिवळी चिठ्ठी.
शिळाच बरा, दुकानातली बाई म्हणाली होती,
ताजा पाव सुरी लागली की अंग चोरतो.

वेल्सच्या डोंगरातलं खाणींचं हे गाव.
छपरं पाटीच्या दगडाची, कुंपणं पाटीची,
थडग्यांवरची नावंसुद्धा पाटीवर.
गेथिनच्या ओट्यावरही पाटीचा एक चौकोन आहे,
त्यावरच तो चिरतो, सोलतो, ठेचतो.
लाकडी फळी तिकडच्या घरात राहिली.

लसणीच्या पाच पाकळ्या.
आधी तो नखांनी सोलत बसायचा.
साल बोटाला चिकटायची,
पाकळी सिंकमध्ये उडी घ्यायची.
आता सुरीचं पातं आडवं ठेवून
वर मुठीचा एक ठोसा देतो.
साल आपोआप सुटते,
आजोबाच्या छिन्नीखाली दगड सुटायचा तशी.
दगड काय, लसूण काय,
कुठे दाबायचं ते कळलं पाहिजे.

बटर बाहेर काढून ठेवायला तो आजही विसरला.
पाकीट काखेत धरलं, ऊब मिळावी म्हणून,
आणि मग घरभर बटर शोधत फिरला.
फ्रीज, कपाट, जिना.
मार्गेद दारातून आत आली, बूट न काढताच
म्हणाली, "डॅड, हात वर कर."
पाकीट पायावर पडलं.
नऊ वर्षांची आहे. हसली नाही,
फक्त ओठ आत घेतले.

पहिल्या शुक्रवारी त्याने पाव आरपार कापला होता.
फॉइलमध्ये काप पत्त्यांसारखे कोसळले,
बटर तळाशी जाऊन काळं झालं.
तिने सुरीने काळं खरवडलं, निमूट खाल्लं,
आणि पाणी पिता पिता म्हणाली,
"माम शेवटपर्यंत कापत नाही."
त्यावर तो काही बोलला नाही.
भांडी मात्र दोनदा घासली.

आता पावाच्या दोन्ही अंगांना
तिच्या दोन रंगीत पेन्सिली ठेवायच्या,
एक हिरवी, एक पांढरी.
सुरी पेन्सिलींवर येऊन थांबते.
वर बारा चिरा, खाली एकच पाव.
मार्गेद प्रत्येक चीर दोन बोटांनी उघडते,
आत बटर, लसूण,
खिडकीतल्या डब्यातली चार पानं पार्सली.
"दाबू नकोस, त्याला गुदगुल्या होतात,"
असं ती पावाबद्दल म्हणते
आणि गेथिनला ते पटतं.

ओव्हनमधला दिवा मार्चपासून गेलेला.
त्यामुळे नाकावर भरवसा.
पंधरा मिनिटं फॉइल मिटून,
मग पाच मिनिटं तोंड उघडं.
वास भिंतीपलीकडे जातो,
पलीकडून मिसेस प्रोबर्ट काठीने दोनदा ठोकते.
एक ठोका म्हणजे टीव्ही हळू,
दोन म्हणजे मला पण.

जिभा भाजल्या. बोटं चाटली.
दोन काप प्रोबर्टबाईला गेले.
सहा कुठे गेले, ते कोणी मोजलं नाही.
निघताना मार्गेदने उरलेले चार
तोडायच्या आधी त्याचा हात धरला.
"तसेच राहू दे."
एकमेकांना धरून बसलेले चार काप
फॉइलमध्ये, कोटाच्या आत, पोटाशी.
चढावर तिसरी गल्ली, निळं दार.
पोचेपर्यंत कोमट तरी राहतील.

नऊला फोन वाजला. एलुनेदचा निरोप.
कित्येक महिन्यांत वेळापत्रक, बिलं, दंतवैद्य
यापलीकडे तिने काही लिहिलं नव्हतं.
"मीठ कमी आहे."

गेथिनने तो दोनदा वाचला.
मग ओट्यावरची पाटी पुसली,
पांढरी पेन्सिल अजून तिथेच होती,
आणि तेलकट दगडावर, नीट उमटेना म्हणून
जोर देऊन, लिहिलं:
मीठ. अर्धा चमचा आणखी.