सहाशे मिलिमीटर

सप्टेंबरात लुआंग्वा आटते, कडा उघडा पडतो.
त्याला हजार भोकं, प्रत्येक भोकात एक बिऱ्हाड:
किरमिजी वेडे राघू, डोक्यावर मोरपिशी टोपी.

होडी मी धरून ठेवतो, लग्गी चिखलात रोवून.
श्वासही बेतानंच घेतो,
हेल्वीबाईंच्या भिंगात तोसुद्धा हलतो म्हणे.
पक्षी झेपावतात, चतुर आणून फांदीवर आपटतात,
आणि कॅमेरा तडतडतो वाळल्या शेंगेसारखा.

"जरा डावीकडे, योबे."
"पाणघोडा आहे तिथे, बाई."
"केवढा?"
"बाई, पाणघोडा आहे."

चौथ्या दिवशी म्हणाल्या, घे, तूही बघ.
तोफेएवढी नळी. खांदा वाकला.
पिसातला तंतू न् तंतू दिसला,
चोचीतल्या चतुराचा पंख, त्यावरच्या शिरा.
छान होतं. खोटं कशाला बोलू.

मग हात घसरला म्हणा,
नळी फिरली पलतीरावर, आमच्या कुंपणाकडे.
एक बाई वाकून बोरू बांधत होती.
दोन गाठी मारायची की थांबायची,
कमरेवर मूठ दाबायची,
कोणी बघत तर नाही, हे आधी बघून घ्यायची,
पुन्हा वाकायची.
मनगट केवढंसं! बांगडी कोपरापर्यंत घसरलेली.

रोज रात्री एका ताटात जेवतो आम्ही.
दिवा मधे असतो. ती म्हणते, पोट भरलं, तू घे.
मी घेतो.

"मिळाला का रे?" हेल्वीबाईंनी विचारलं.
हो म्हणालो.
कळ दाबलीच नव्हती.
लग्गी उपसायला गेलो, तर चिखलानं
आज जरा जास्तच धरून ठेवली होती.