मुतखडा

मी पाणी मोजून पिते, हे आधी रेशमा तडवीच्या लक्षात आलं.
फैजपूरच्या उन्हात सगळ्याच पितात,
पण माझ्या बाटलीवर स्केचपेनच्या रेघा.
"काही आहे का गं तुला?"
म्हटलं, मुतखडा.

किती सहज निघालं तोंडातून.
मुतखडा अब्रूदार आजार आहे.
गिरधरशेठना आहे,
त्यांच्या साडूला तर दोन्ही बाजूंना.

दुसऱ्या दिवशी कौशल्या भंगाळे
पदराच्या गाठीत पानफुटीची पानं घेऊन आली.
"निरण्या पोटी दोन. चावून. माह्यासमोर."
तेव्हापासून रोज सकाळी
वेफर्सच्या कारखान्याच्या दारात
मी नसलेल्या आजाराचं औषध खाते.
आंबट लागतं.
असलेल्या आजाराच्या गोळ्या घरी,
कॅल्शियमच्या डबीत, तांदळाच्या डब्यामागे.
रात्री जेवून घेते, चैतालीकडे पाठ करून.

कढईवर मी जात नाही.
किसणी थेट तेलावर धरायची,
सोललेलं केळं सरसर सरकवायचं.
हात माझा चांगला आहे,
आणि तिथं दिवसाला साठ रुपये जास्त.
नको असं कोणी म्हटलं नाही.
मीच म्हणाले, मला पॅकिंग बरं.
दोनशे ग्रॅम, दोनशे ग्रॅम, दोनशे ग्रॅम.
पालकसभेला मी यांना पाठवते.
तिथंही कोणी नको म्हटलं नव्हतं.
बाहेरून कोणी कडी लावायच्या आत
मी आतून लावून घेते,
आणि मग म्हणते, बघा, लोक कसे असतात.

तीन उन्हाळ्यांमागे
रात्री दोन वाजता मी ज्वारीचं पीठ शिजवायला काढलं होतं,
वीस किलो.
उजाडेपर्यंत आमच्या गच्चीवर, शेजारच्यांच्या,
त्यांच्याही पलीकडच्या गच्चीवर बिबड्याच बिबड्या,
आणि मी कठड्यावर उभी राहून
अख्ख्या गल्लीला नावानं हाका मारत होते.
बिबड्या लोकांनी वर्षभर खाल्ल्या.
चांगल्या झाल्या होत्या, असं अजून कोणी म्हणालं नाही
किंवा म्हणालं असेल, मी ऐकायला थांबले नसेन.
त्यानंतर वेणी घालायला दोन तास लागायचे.
त्यानंतर वेणीच नाही.

आता मंगळवारी उगाच हसू आलं
तरी मी ते उजेडाकडे धरून बघते,
पाचशेची नोट बघावी तसं.
हे माझं, की त्याचं?
झोप किती झाली? साडेसहा तास.
बरं. मग हस थोडं.

दर तीन महिन्यांनी भुसावळ, रक्त द्यायला.
तोंडाला स्कार्फ. उन्हात सगळ्याच बांधतात,
मे महिना मला त्यासाठीच आवडतो.
डॉक्टर म्हणतात, पाणी कमी करू नका, मीठ तोडू नका.
लॅबमधला पोरगा नाव विचारतो,
तेव्हा मी "हर्षला नेहेते" इतकं हळू सांगते
की तो दरवेळी हर्षदा लिहितो,
आणि मी दुरुस्त करत नाही.

आज कौशल्यानं विचारलं,
"पडला का व बाई खडा?"
हातात दोन पानं, धुतलेली, पाणी निथळतंय.
म्हटलं, पडणारा नाही तो.
"मंग? ऑपरेशन?"
नाही. सांभाळायचा असतो.
ती थांबली.
"हाये कुठं पण त्यो?"
माझा हात सवयीनं कमरेकडे गेला,
तिथून उचलला,
छातीपाशी अडला, परत निघाला,
कानशिलाशी येऊन
बटा सारल्यासारखं काहीतरी केलं त्यानं.

कौशल्या बघत राहिली.
सहा माणसांचा स्वयंपाक करून आलेली बाई,
तिला किती कळलं, देव जाणे.
पानं माझ्या तळव्यावर ठेवली.
"खाय. पानाले काय समजते कुठं जायाचं ते."

चावली.
आत तेल तापल्याचा वास यायला लागला होता.