चार बाय सहा

आता फ्लेक्सचा जमाना. पण तालमीच्या पोरांनी हट्टच धरला,
दिगंबर वाइंगडेच्या सत्काराचा बोर्ड हातानं रंगवायचा.
पत्रा चार बाय सहा. हात माझा, साठीतला.

त्याच तालमीत त्याचा बाप वस्ताद.
पोरगं टेंबलाईच्या माळावर काठीनं काहीतरी हाणतंय,
हे बापानं दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

यादी त्यानं स्वतःच आणली, चार घड्यांच्या कागदावर.
मी विचारलं, शेवटच्या दिवशी फटके किती?
अडुसष्ट.
आणि दोन नंबरवाल्याचे?
एकाहत्तर.
मग हरलास की लेका.
तो हसला. गंगावेशीत हा विनोद
बावीस वर्षं ऐकतोय तो.

विजेतेपदं चार. पिवळ्यात, काळ्या सावलीसकट.
उपविजेता अकरा वेळा. अक्षर जरा बारीक.
एका फटक्यात थेट खळीत, एकदा:
सरावात, पहाटे, धुक्यात.
बघितलं कुणी?
अन्वरनं. माझी बॅग उचलायचा.
लिहू मग?
ते धरत नाहीत, म्हणाला.
पण अन्वर मुजावर हे नाव कुठं बसतंय का बघा.

सूत ताणलं, खडूची रेघ मारली, मापं पुन्हा काढली.
अध्यक्षांच्या नावातनं
दीड इंच काढून घेतलं.

तो माझ्या डाव्या हाताकडं बघत होता.
टेकूची काठी पत्र्यावर तिरकी,
तिच्यावर उजवं मनगट.
म्हणजे वेलांटी हलत नाही.
हे चालतं? त्यानं विचारलं.
न चालायला काय झालं?

माझा हात तीन फुटांवर थरथरायचा, काका.
सरळ चेंडू, सपाट गवत, पोरगंसुद्धा घालंल असा.
मग लांब काठी केली. छातीला टेकवली.
यातल्या शेवटच्या दोन त्या टेकूवरच्या.
पुढं नियम आला, टेकवायचं नाही.
त्यानंतरचं यादीत काही नाही.

रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली. पत्रा हादरला.
मी काठी त्याच्यापुढं धरली.
म्हटलं, अन्वरमधला र तू ओढ.

काठी त्यानं घेतली नाही.
ब्रश बुडवला, डब्याच्या कडेला निथळला,
श्वास धरला,
आणि मोकळ्या हातानं ओढला.

शेपूट जरा हललंय.
मी पुसलं नाही.

अध्यक्षांनी दीड इंचाचे पैसे कापलेत.