मुठीचं वजन

कळंब्याच्या रस्त्याला, आयटीआयच्या मागच्या शेडमध्ये
लेथ मशीन होतं, ते उचलून नेलंय.
फरशीत चार बोल्ट तसेच राहिलेत, पोरं ठेचकाळतात.
तिथंच आता सहा काचेची भांडी, एक मोटर, एक नळ,
आणि भिंतीला प्राचार्यांचं पत्र:
जलशुद्धीकरण ऑपरेटर, वीस जागांच्या चाळीस,
दुपारपाळी वेगळी.
निदेशकाचं पद मंजूर नाही. म्हणून मी.

मी सर्जेराव घोटणे, फिल्टर हाऊसवरनं रिटायर.
हाताला व्हॉल्व्हच्या चाकाची सवय, खडूची नाही.
पहिल्या दिवशी फळ्यावर ‘गढूळता’ लिहिताना
खडू मोडला दोनदा.
मागच्या बाकावर कुणी हसलं. हसू दे.

माझं शिक्षण नाकानं झालं.
महांतेश मिस्त्री क्लोरीनच्या सिलिंडरजवळ
अमोनियाची बाटली धरायचा,
पांढरा धूर दिसला की ओरडायचा,
“वारा जिकडनं येतोय तिकडं पळ!”
अभ्यासक्रम एवढाच.
पुस्तक नव्हतं, परीक्षा रोज.

आज बालिंग्याहून कॅन भरून आणलाय,
चहात दूध जरा कमी पडावं तसं नदीचं पाणी.
सहा भांडी, दर भांड्याला तुरटीचा डोस वाढता.
आधी जोरात ढवळायचं, मग हळू,
मग काहीच करायचं नाही.
हे ‘काहीच नाही’ शिकवायला सगळ्यात अवघड,
त्यात सहा भांड्यांभोवती चाळीस डोकी,
मागचे टाचा उंचावून बघतात.

बापट कॅम्पातली अक्षता कुंभार म्हणाली,
“मामा, आमच्यात पण असंच निवळत ठेवतात.
पण आम्ही वरचं पाणी ओतून देतो,
तळाचं ठेवतो.”
इथं उलटं, बाई, म्हटलं.
ती वाकून भांड्याच्या बुडाकडं बघत राहिली,
जणू तिच्या घरचा माल आम्ही गटारात सोडणार होतो.

चौथ्या भांड्यातनं पलीकडची खिडकी दिसली.
सहावं निवळलंच नाही.
“जास्त घातली तरी बिघडतं?” दिलशाद मुल्लाणीनं विचारलं.
बिघडतं.
बोलता बोलता माझी नजर त्या पत्राकडं गेली,
का कुणास ठाऊक.

शिवगोंडा शिरोळकडचा.
पहाटे गावची टाकी सोडून येतो, तासाला पेंगतो.
आज जागा होता.
“सर, मी टीसीएल मुठीनं टाकतो.
एक मूठ म्हणजे किती?”

मग काटा काढला. हातमोज्यांचे दोनच जोड, पाळीपाळीनं.
शिवगोंडा बासष्ट ग्रॅम.
अक्षता एकेचाळीस.
दिलशादची मूठ गच्च, तरी अठ्ठेचाळीस.
“मामा, तुमची?”
पन्नास, म्हटलं. देवासमोर सांगितली असती.
काटा एक्क्याऐंशीवर थांबला.
दुसऱ्यांदा चौसष्ट.
तिसऱ्यांदा त्र्याहत्तर.

कुणी हसलं नाही.

फिल्टर हाऊसच्या आधी अकरा वर्षं
भोगावतीकाठच्या एका गावाच्या टाकीवर होतो मी.
अकरा वर्षं ते गाव माझी मूठ प्यायलं.
कधी वास मारतोय म्हणून बायका भांडायला यायच्या.
कधी पोरांना जुलाब व्हायचे,
आणि आम्ही म्हणायचो, जत्रेत काय तरी खाल्लं असंल.

लिहून घ्या, म्हटलं. मूठ नाही. काटा.
शिवगोंडानं लिहिलं. मग पेन थांबवून,
“आणि ग्रामपंचायतीनं काटा दिलाच नाही तर?”

मला उत्तर येईना.
अक्षता बोटांनी हवेत काहीतरी मापत होती.
“वाटी घडवते. पन्नास ग्रॅमची, काठोकाठ.
भट्टीत आकसते, तेवढी आधीच मोठी धरायची.
चाळीस घडवते, सगळ्यांना एकेक.”

पाळी सुटली. मी कॅन उचलला रिकामा करायला,
तर दारातनं परत आली.
“मामा, तळातला गाळ फेकू नका.
कॅनचाच द्या. भांड्यातला नको,
त्यात तुरटी झालीय.”