नोंद एकेचाळीस

रजिस्टर मीच नेलं वेंगुर्ल्याला,
प्लास्टिकच्या पिशवीत, वरून जुनी ओढणी.
एसटीत मांडीवर घेतलं तर कंडक्टर म्हणाला,
बाळ झोपलंय काय, मॅडम?
म्हटलं, हो. वीस वर्षांचं आहे.

छाननी तहसीलच्या वरच्या मजल्यावर.
खिडकीतून बंदर, बंदरात नांगरलेले दोन ट्रॉलर.
टेबलावर बाबल केरकरांचं प्रतिज्ञापत्र,
सरपंचपदासाठी. अपत्ये: दोन.
त्याला टाचलेली गिरपांची हरकत, तीन पानी,
त्यातली अडीच पानं गडग्याच्या जुन्या भांडणाची.
उरलेल्या अर्ध्यात मुद्दा:
दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतरचं तिसरं मूल.

ता प्वार भावाचा, बाबल म्हणाले,
सगळो गाव जाणता.

गाव खाली चहा पीत होतं.

मी पान उघडलं.
कसर लागलेली, पण अक्षर धड.
माझ्या आधीचे ग्रामसेवक हिरव्या शाईने लिहीत,
हिरवी शाई त्यांच्या पायरीची नव्हती, तरी लिहीत.
एकेचाळीस. मुलगी. वजन अडीच किलो.
जन्मक्रम: तिसरा.
नाव: रकाना रिकामा.
खबर देणार: बाप, स्वतः,
आणि तेही जन्माच्या दुसऱ्याच दिवशी.
लोक एकवीस दिवस रेटतात, मग उशिराचा दंड भरतात.
तेव्हा आमच्या खाडीवर पूल नव्हता;
हा माणूस ओहोटी धरून
गुडघाभर चिखलातून आला असणार.
खाली सही. शेवटच्या 'र'ला खाली वळवलेला गळ,
जसा काही मासा लागलेला.

तोच गळ प्रतिज्ञापत्रावर.

साहेबांनी चष्मा पुसला. सही तुमची?
बाबल पानाकडे बघत राहिले,
इतका वेळ की मधल्या मधे
एक ट्रॉलर सुरू होऊन बंद पडला.
मला वाटलं, नाही म्हणतील.
मग त्यांनी बोट ठेवलं त्या अडीच किलोवर.
दोन सातशे होता, म्हणाले.
तुमच्या माणसान चुकीचा लिवल्यान.

अर्ज बाद.
गिरपांनी खाली माळ लावली,
अर्धी सर्दावलेली, मधेच विझली.

दाराशी एक मुलगी उभी होती,
झेरॉक्सचे सुटे पैसे मुठीत.
प्रतिज्ञापत्रातलं अक्षर गोल, काना-मात्रा सांभाळणारं,
ते बाबलांचं नव्हे हे मी सकाळीच पाहिलं होतं.
'दोन'मधला द
दोनदा गिरवलेला.

मंगळवारी ती पंचायतीत आली.
नाव घालूक गावता काय, इतक्या उशिरान?
गावता, म्हटलं. अर्ज, दोन पुरावे, बापाची सही.
सही देतील ना?
आता कित्याक नाय देवचे, म्हणाली,
आणि खुर्ची पुढे ओढून बसली.
रकान्यात लिहिलं,
आधी पेन्सिलीने.